बाई गेल्या, आता आपण काय करायचं? सीमाभागातल्या माजी विद्यार्थ्यांसाठी

गावच्या मराठी शाळेत पंचवीस-तीस वर्षं शिकवलेल्या बाई गेल्या की बातमी अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवरून पुण्यापासून पणजीपर्यंत पोचते. हात जोडलेले मेसेज येत राहतात आणि चार दिवसांत ग्रुप गप्प होतो. काहीतरी करायला हवं हे प्रत्येकाच्याच मनात असतं, पण सुरुवात कुठून करायची, शाळेत कुणाला विचारायचं, पैसे कुणाच्या नावावर ठेवायचे हे ठाऊक नसतं आणि मग ते राहून जातं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातले जे माजी विद्यार्थी पहिल्यांदाच अशा कामाला हात घालताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. बाईंचं स्मारक बाई जिथे राबल्या त्या वर्गाच्या उपयोगी पडलं पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी मराठी शाळांचा पट दरवर्षी खाली येतो आहे. अशा वेळी आवारात चौथरा बांधून त्यावर नाव कोरण्यापेक्षा आतल्या पोरांच्या हातात काय पडेल ते आधी बघा.

पहिला आठवडा घरच्यांचा

या दिवसांत सभा, वर्गणी, समिती यातलं काहीही काढू नका. दोघांतिघांनी घरी जा, घरातल्या एकाच जाणत्या माणसाशी बोला आणि अंत्ययात्रेची व रक्षाविसर्जनाची वेळ त्यांच्याकडूनच घेऊन पुढे कळवा. आपल्या भागात रक्षाविसर्जन बहुधा तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर असतं, त्यामुळे कामावर जाणाऱ्यांनाही गाठता येतं. घर लिंगायत, जैन, ख्रिस्ती किंवा मुस्लिम असेल तर रीत वेगळी असणार. मराठी शाळेत शिकवणाऱ्या सगळ्याच बाईंच्या घरी मराठीच बोलतात असंही नाही. विचारून घ्या आणि ते सांगतील तसंच वागा.

वर्तमानपत्रातली निधनवार्ता तुम्ही लिहून दिलीत तर घरच्यांचं एक काम हलकं होतं. बेळगावात ‘तरुण भारत’, ‘पुढारी’ यांतली निधनवार्ता म्हातारी माणसं रोज सकाळी न चुकता वाचतात, आणि बाईंच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आज त्याच वयात आहेत. बातमीत वय, गाव, ‘पश्चात पती, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे’ हे नेहमीचं असतंच. त्याच्या जोडीला बाईंनी कुठल्या कुठल्या गावच्या शाळेत कुठल्या साली नोकरी केली ते एका ओळीत घाला. त्या एका ओळीवरून बातमी दुसऱ्या गावांपर्यंत जाते. मजकूर घरच्यांना दाखवल्याशिवाय मात्र छापायला देऊ नका.

आणखी एक काम आहे आणि माझ्या मते पहिली खरी श्रद्धांजली तीच. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नोंदीसाठी दवाखाना कळवतो, घरी झाला असेल तर घरच्यांनीच जायचं असतं. दाखल्याच्या चार-सहा प्रती लागतात, कारण बँक, पेन्शन, विमा, जमीन, सगळीकडे एकेक मागतात. बाईंना सरकारी पेन्शन असेल तर यजमानांना कुटुंब निवृत्तिवेतनासाठी बँक आणि खजिना कार्यालय यांच्यात हेलपाटे पडतात. हे फॉर्म कन्नडमध्ये असतात. सत्तरीपुढच्या, आयुष्यभर मराठी वाचलेल्या माणसाला तिथे खिडकीसमोर उभं राहून काहीच उमगत नाही. तुमच्यात कन्नड सफाईनं लिहिणारे दोघं निश्चित असतील, कारण शाळेत दुसरी भाषा म्हणून ते बाईंनीच करून घेतलं होतं. त्यांनी घरच्यांना विचारून हे काम अंगावर घ्यावं आणि पूर्ण होईपर्यंत सोडू नये.

माणसं शोधणं

पंधरा दिवसांनी, बारावं-तेरावं झाल्यावर, एक लहान गट करा. पाच-सहा जण पुरेत, पण ते वेगवेगळ्या काळातले हवेत. सगळे एकाच तुकडीतले असले तर बाईंची चारच वर्षं आठवणीत येतात आणि बाकीची निसटतात. निदान दोन स्त्रिया, आज त्या शाळेत शिकवणारं एक माणूस आणि घरातलं एक माणूस त्यात असू द्या.

बाईंची नोकरी कुठे कुठे झाली याची खात्रीची यादी सेवा पुस्तिकेत किंवा जुन्या बदलीच्या आदेशांत मिळते. घरच्यांनी असे कागद बहुधा जपून ठेवलेले असतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पहिली नेमणूक, मग बेळगाव तालुक्यात बदली, शेवटची वर्षं माहेरच्या किंवा सासरच्या गावाजवळ असा प्रवास अनेकींचा आहे. शेवटच्या गावातल्यांना बाई आपल्याच वाटतात, पण कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात ज्या पोरांना त्यांनी पहिलं अक्षर गिरवायला लावलं त्यांनाही निरोप गेला पाहिजे.

विद्यार्थ्यांची नावं शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतात. ते रजिस्टर शाळेबाहेर नेता येत नाही आणि त्यात जन्मतारीख, जात असा खासगी तपशील असतो. म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज द्या, तिथेच बसून फक्त नाव आणि साल उतरवून घ्या, पानांचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

मुलगे लवकर सापडतात, मुली हरवतात. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, फोनमध्ये सासरचं, आणि सासर चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडे, कुणाचं गोव्यात. त्यांना शोधायचं तर भावाला विचारा, आईला विचारा. बाईंनी सगळ्यात जास्त जीव बहुधा या मुलींसाठीच टाकला होता. चौथीनंतर शाळा सुटणार होती ती दारात जाऊन थांबवली, अशा गोष्टी त्यांच्याकडेच असतात. त्यांच्याशिवाय कार्यक्रम करू नका. गावची यात्रा, गणपती किंवा दिवाळीत माहेरवाशिणी येतात, तेव्हाच्या आसपास तारीख धरली तर त्या येऊ शकतात.

आठवणी गोळा करणं

हे काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

‘बाई फार प्रेमळ आणि शिस्तप्रिय होत्या’ हे वाक्य राज्यातल्या कुठल्याही बाईंच्या सभेत खपतं. तुम्हाला हवी ती आठवण एकाच बाईंची असावी. आमच्या बाई शुद्धलेखनाची वही तपासताना चुकलेल्या शब्दावर काट मारत नसत. शेजारी तांबड्या शाईनं बरोबर शब्द लिहायच्या आणि खाली एक ओळ मोकळी सोडायच्या. ती ओळ आपण भरायची, भरली की बाई तिच्याखाली छोटीशी बरोबरची खूण करायच्या. काहीच ओरडा नाही. ‘चिखल’मधली पहिली वेलांटी मी अजून लिहिताना थबकून बघते, ती त्या मोकळ्या ओळीमुळे. आठवणी गोळा करायच्या त्या इतक्या जवळून.

त्यासाठी प्रश्न नेमके विचारावे लागतात. ‘बाईंबद्दल काही सांगा’ म्हटलं की माणूस भाषण सुरू करतो. त्याऐवजी विचारा: बाई वर्गात शिरल्यावर पहिल्यांदा काय करायच्या? फळ्यावर तारीख कुठल्या कोपऱ्यात लिहायच्या? कुणाला मारलं होतं का, आणि नंतर काय केलं? डब्यात काय आणायच्या, कुणाबरोबर खायच्या? सातवीच्या निरोपाला काय म्हणाल्या? तुमच्या घरी कधी आल्या होत्या, कशासाठी? असा प्रश्न आला की माणूस क्षणभर गप्प बसतो आणि मग खरं सांगू लागतो.

ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवावा. म्हाताऱ्या माणसांकडे मात्र स्वतः जा. बाईंच्या बरोबरीचे गुरुजी, शाळेत भात-आमटी करणाऱ्या मावशी, बाई ज्यांच्या घरी भाड्यानं राहिल्या ते कुटुंब, रोज ज्या बसनं यायच्या तिचे जुने कंडक्टर, यांच्याकडे विद्यार्थ्यांना कधीच न दिसलेल्या बाई असतात. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग करा, सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्या आणि पंखा बंद ठेवा. रेकॉर्डिंग त्याच दिवशी दुसऱ्या फोनवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवा.

आपल्या भागात एक गोष्ट विसरून चालत नाही. बाईंचे कितीतरी सहकारी कन्नड होते. कित्येक ठिकाणी एकाच आवारात मराठी आणि कन्नड शाळा भरते, आणि पलीकडच्या वर्गातली पोरंही ‘अक्कोरू’ म्हणून बाईंच्या मागे मागे असायची. त्यांची आठवण त्यांच्याच कन्नडमध्ये रेकॉर्ड करा, खाली मराठी द्या. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे, त्यावर आपापली मतं आहेत आणि ती असावीत. पण बाईंच्या आठवणीत वाटणी करू नका.

कागद आणि फोटोही गोळा करा. सातवीचा ग्रुप फोटो प्रत्येक तुकडीचा कुणाच्या तरी घरी भिंतीवर असतोच. काचेतून काढलेल्या फोटोत चमक येते, म्हणून फ्रेम उघडता आली तर उघडून, नाहीतर दिवसाच्या उजेडात तिरकं धरून काढा. मागच्या बाजूला नावं लिहिलेली असतील तर तीही घ्या. बाईंच्या अक्षरातला प्रगतिपुस्तकावरचा शेरा, तपासलेली वही, निरोपाच्या वहीतला मजकूर मिळाला तर घबाड मिळालं समजा. मूळ वस्तू ज्याची त्याला परत द्या.

यातून पुढे ३२ किंवा ४८ पानांची पुस्तिका करता येते. पानं चारच्या पटीत धरली की छपाईत कोरी पानं उरत नाहीत. घाई करू नका, पुस्तिका वर्षश्राद्धाला निघाली तरी चालते. कुणाच्या घरातली अडचण, गरिबी, मार खाल्ल्याची गोष्ट असेल तर छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा.

सभा

श्रद्धांजली सभा शक्यतो बाईंच्या शाळेतच घ्या. त्यासाठी मुख्याध्यापक आणि शाळा सुधारणा समिती म्हणजे एसडीएमसी, दोघांना लेखी अर्ज द्या. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत ही समिती २००१ पासून आहे, पालकच तिचे सदस्य असतात, आणि ती सोबत असली की पुढची कामं सोपी होतात. कार्यक्रम मोठा असेल किंवा शाळेच्या वेळेत असेल तर मुख्याध्यापक क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांना म्हणजे बीईओंना कळवतील, तसं त्यांना आधीच सुचवा. मैदानात ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते. निवडणूक जाहीर झाली असेल तर आचारसंहितेमुळे पुढाऱ्यांना मंचावर बसवून कार्यक्रम करताना अडचण येते, तेव्हा तारीख ठरवताना तेही बघा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरची दुपार किंवा रविवार सोयीचा. रोप लावणीच्या पावसात आणि भाताच्या सुगीत गाव शेतात असतं. दहावीची परीक्षा मार्चपासून असते, तेव्हाही शाळेला हात लावू नका.

मंचावर खुर्च्या कमी ठेवा. माझं मत विचाराल तर मंचावर फक्त बाईंचा फोटो आणि बोलणाऱ्यासाठी एक माइक असावा. आमदार, सदस्य, अध्यक्ष आले तर पुढच्या रांगेत बसतील. शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ, सत्कार या सभेत नको. शाळेचा कार्यक्रम असेल तर नाडगीत म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत होईल, ते मानानं उभं राहून म्हणा. मग दोन मिनिटं मौन, आणि त्यानंतर मनोगतं.

आठ-नऊ बोलणारे, प्रत्येकी चार मिनिटं. आधीच ठरवून घ्या की प्रत्येकानं एकच प्रसंग सांगायचा. एक कन्नड सहकारी कन्नडमध्ये बोलू देत, आपल्या भागात ते सगळ्यांना समजतं. आज त्या वर्गात बसणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला बाईंच्या आवडीची कविता म्हणायला सांगा. घरच्यांना बोलायचा आग्रह करू नका. त्यांना बोलावंसं वाटलं तर शेवटी बोलतील.

पैसा

वर्गणी काढण्याआधी कशासाठी ते ठरवा आणि रक्कम एकदाच सांगा. कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकणं मला मुळीच पटत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माजी विद्यार्थिनीनं दिलेले पन्नास रुपये दुबईहून आलेल्या रकमेखाली छापले जाऊ नयेत. एकूण जमा आणि एकूण खर्च मात्र पावत्यांच्या फोटोंसह सगळ्यांना दाखवा.

पैसे एकाच्या फोनपे नंबरवर जमत राहिले की पुढे कटकट होते. छोट्या कामासाठी दोघांच्या संयुक्त नावाचं बचत खातं पुरतं. शाळेला द्यायची रक्कम शाळेच्या खात्यात भरा आणि मुख्याध्यापकांची पावती घ्या. काम वर्षानुवर्षं चालवायचं असेल तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली संस्था नोंदता येते, त्याला किमान सात जण लागतात. पण दरवर्षीचा हिशेब, ऑडिट, नूतनीकरण हे सगळं पाठीमागे येतं. पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

ठेवीच्या व्याजातून बक्षीस द्यायची जुनी रीत अजूनही चांगली आहे. गणित आधी करून बघा. एक लाख रुपये साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ६,५०० रुपये येतात, पन्नास हजारांचे ३,२५०. दर खाली आला तर बक्षीस आटतं. म्हणून व्याज येईल त्यापेक्षा थोडं कमी बक्षीस ठरवा आणि उरलेलं मुद्दलात टाका.

काय द्यायचं

पुण्या-मुंबईतल्या मंडळींची पहिली सूचना असते पाठ्यपुस्तकं पाठवण्याची. त्यांना सांगा की आपल्या मराठी माध्यमाच्या शाळांत बालभारतीची पुस्तकं चालत नाहीत, कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची चालतात. तिथून आलेले गाइड आणि स्वाध्याय पुस्तिका इथे कपाटात पडून राहतात.

अवांतर वाचनाची पुस्तकं मात्र हवीच आहेत, कारण सीमाभागातल्या शाळेत मराठी गोष्टीचं नवं पुस्तक सहज पोचत नाही. मोठ्या अक्षरांची, चित्रांची, पहिली-दुसरीच्या पोराला स्वतः वाचता येतील अशी पुस्तकं निम्मी असू द्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याची वर्गणी भरली की वर्षभर दर महिन्याला बाईंची आठवण शाळेत येते. चांगला मराठी-कन्नड शब्दकोश वर्गात एक तरी ठेवा. आणि पुस्तकं कुलपाच्या कपाटात न ठेवता पोरांच्या हाताला येतील अशा उघड्या फळीवर मांडा. फाटली तर फाटू देत, पुढच्या वर्षी नवी आणू.

बक्षीस देताना सगळ्यात जास्त मार्कांचा निकष लगेच सुचतो. दहावीला प्रथम भाषा मराठीत पहिला येणाऱ्याला बक्षीस देणं सोपं, पण त्याला आधीच चार ठिकाणी बक्षिसं मिळतात. मी म्हणेन, सातवी करून हायस्कूलला जाणाऱ्या मुलांसाठी काही करा, कारण शाळा सुटते ती तिथेच. मुलींना बसपास देऊ असं कुणी सुचवेल. कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेमुळे जून २०२३ पासून स्त्रिया आणि मुलींना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे तो खर्च नको. त्याऐवजी दप्तर, रेनकोट, वह्या, गणिताची शिकवणी असं जे नडतं ते द्या. मुलग्यांना पासचे पैसे नडतात, ते भरा. कुणाला काय नडतं हे आजचे शिक्षक बरोबर सांगतात. गरज म्हणून देताना नाव पुकारून, मंचावर बोलावून देऊ नका.

पुण्यतिथीला मुलांना गोड द्यायचं असेल तर ‘अक्षर दासोह’च्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेच्या, स्वयंपाकघरातूनच द्या. बाहेरून बॉक्स आणू नका. मुख्याध्यापकांना आधी सांगून शिरा-पुरीचं साहित्य आदल्या दिवशी पोचवा, मावशींच्या जास्तीच्या कामाचे पैसे वेगळे द्या. शिक्षकांनी आधी चाखून मगच मुलांना वाढायचं हा तिथला नियम पाळा.

नाव आणि पाटी

अख्ख्या सरकारी शाळेला बाईंचं नाव द्यायची मागणी करावीशी वाटते. त्याला सरकारची मंजुरी लागते आणि वर्षं जातात. वाचन कोपरा, एक वर्ग, पाण्याची टाकी यांना नाव देणं एसडीएमसीच्या ठरावानं जुळून येतं. ठरावाची प्रत तुमच्याकडे ठेवा, मुख्याध्यापक बदलले की तीच कामाला येते.

पाटी मराठी आणि कन्नड दोन्हींत करा, कन्नड वर असू द्या. दुकानं-आस्थापनांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा कायदा २०२४ मध्ये झाला, तेव्हापासून पाट्यांकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. मराठी नाव तिथे टिकून राहावं असं वाटत असेल तर मजकूर आधी लेखी मंजूर करून घेणं शहाणपणाचं. कन्नड मजकूर कन्नड शिक्षकांकडून तपासून घ्या, पेंटरच्या भरवशावर सोडू नका. खाली देणगीदारांची नावं नकोत. बाईंचं नाव, शाळेत होत्या ती सालं, बस्स.

पुढच्या वर्षी

अशी कामं पहिल्या वर्षी जोरात होतात आणि तिसऱ्या वर्षी थंडावतात, कारण ती एकाच माणसाच्या डोक्यात असतात. म्हणून एका साध्या दोनशे पानी वहीत सगळं लिहा: खातं कुठे आहे, ठेव कधी पिकते, ठरावाची तारीख, शाळेत कुणाशी बोललो, कोणती पुस्तकं दिली, कुणाकडे रेकॉर्डिंगची प्रत आहे. वही दरवर्षी वेगळ्या तुकडीकडे जाऊ द्या, आणि ज्या तुकडीकडे वही तिच्याकडे त्या वर्षीचं काम. मे महिन्याच्या शेवटी, शाळा उघडायच्या आधी, त्या तुकडीतल्या दोघांनी मुख्याध्यापकांना भेटून यंदा काय हवं ते विचारायचं आणि उत्तर वहीत लिहून घ्यायचं. जाता जाता बाईंच्या घरीही डोकावून या, पेन्शनचं काही अडलं आहे का ते बघा.